शरीर ही अल्लाहची अमानत आहे



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कष्ट म्हटले की कोळसा खाणीतील मजूर आणि भर उन्हात तेंदूपाने तोडणारे हात डोळ्यांपुढे येतात. पंख्याखाली खुर्चीवर बसणाऱ्यास आपण सुखी समजतो. परंतु तहसील, बँक वा वीज केंद्राच्या कार्यालयातील कर्मचारी दिवसभर संगणकापुढे मान वाकवून बसलेला असतो. एखादे पद रिक्त राहिले की त्याचा अतिरिक्त प्रभार त्याच्याकडेच येतो. मार्चअखेरीस कार्यालयातच रात्र होते. घरी पोहोचल्यावरही मोबाइलवर आदेश येतच राहतात. मान आखडते, कंबर धरते, झोप उडते आणि साठलेला राग बायको-मुलांवर निघतो.

2024 साली पुण्यातील एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा नोकरीस लागल्यावर अवघ्या चार महिन्यांत मृत्यू झाला. कामाच्या अतिताणाने आपली लेक गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्राने कळविले, तेव्हा सारा देश हळहळला.

याबाबत इस्लामची शिकवण स्पष्ट आहे. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत. त्यांचे धर्मबंधू हजरत सलमान फारसी (रजि.) पाहुणे म्हणून आले. त्यांनी अबू दरदांना आपल्यासोबत जेवू घातले, रात्री झोपावयास लावले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. पालनकर्त्याचा, स्वतःचा आणि कुटुंबाचा असे तिघांचेही हक्क तुमच्यावर आहेत, प्रत्येकाचा हक्क द्या, असे सलमान यांनी त्यांना समजाविले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. सहीह बुखारीत ही घटना नोंदलेली आहे.

विचार करा, जेथे इबादतीतील अतिरेकालाही आवर घातला गेला, तेथे फाइलींसाठी देह झिजविण्यास मुभा कशी असेल?

याचा अर्थ कामचुकारपणा नव्हे. हलाल रोजीसाठी प्रामाणिक कष्ट हे पुण्यकर्म आहे आणि पगार घेऊन काम टाळणे ही खियानत आहे. परंतु शरीरही अमानतच आहे. म्हणून पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यावी, पाय जमिनीवर टेकवावेत, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीस ठेवावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. जोहरची नमाज व्यायाम म्हणून नव्हे, इबादत म्हणूनच अदा करावी. तरीही वुजू, रुकूअ आणि सजदा यांनी थकल्या जिवास विसावा मिळतो, हा अल्लाहचा अनुग्रह आहे.

आता ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांना विनंती. तुमचे सेवक तुमचे बंधू आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हातभार लावा, अशी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. हे केवळ सरकारी साहेबांसाठी नाही. आपल्या दुकानातील मुनीम, आपल्या शाळेतील लिपिक, आपल्या संस्थेचा हिशेब रात्री जागून लिहिणारा तरुण यांच्याविषयीही आपणांस जाब द्यावा लागेल. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकीत नाही, हे दिव्य कुरआन सांगतो. मग दासाने दासावर तो का टाकावा?

अल्लाह आम्हांस प्रत्येकाचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.