दुसऱ्या कर्जाचा प्रश्न

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या बाकीपोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. गाव चिडले, पण आधी कोणी काठी उचलली नाही. सावकारांच्या शेतात कोणी राबायचे नाही, त्यांची हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही, असे ठरले. काठ्या निघाल्या त्या पाच महिन्यांनी. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दुकाने लुटली गेली, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत असे. आग तिथून केडगावकडे आणि शिरूरच्या गावांकडे पसरली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून 951 माणसे पकडली गेली, 501 जणांना शिक्षा झाली.

दख्खनचे दंगे म्हणून हे शाळेत शिकवतात. त्यातली एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. चौकशीला बसलेल्या कमिशनने नोंदवले आहे, की सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली तर लोक बहुधा ती जाळून पुढे जात. मारहाण नकार मिळाल्यावर होई. लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, सारा वाढला, आणि दंग्याच्या आधी सावकारांनी हात आखडता घेतला होता. जुने कर्ज छळत होते हे खरे, पण नवे मिळत नव्हते हेही तितकेच खरे. आणि दंगा झाला मे महिन्यात. तीन-चार आठवड्यांत मृग लागणार. कागद जळाले, बियाण्याला पैसे कोणाकडे मागायचे?

मला वाटते, कर्जमुक्तीचा आपला सगळा विचार या प्रश्नाभोवती दीडशे वर्षे घुटमळतो आहे आणि दर वेळी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो आहे.

दंग्याच्या आधीचा विचार वेगळा होता. कर्ज संपत नाही, फार तर त्याला वेसण घालता येते, असा तो विचार. दामदुपटीचा नियम हेच सांगत होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य. वारशात काही मिळो वा न मिळो. मुंबई सरकारने 1866 साली कायदा करून ही जबाबदारी वारशाच्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. तरी दंगा कमिशनला वडिलोपार्जित कर्ज हे कुणब्याच्या कर्जबाजारीपणाचे एक मोठे कारण म्हणून सापडलेच, कारण मुलगा आपण होऊन बापाच्या बाकीवर स्वतःचा अंगठा उठवत होता. दामदुपटीचेही तेच झाले. दावा मुदतबाह्य होऊ नये म्हणून दोन-तीन वर्षांनी खत बदलायचे, व्याज मुद्दलात मुरवायचे. आजही मार्चअखेरीला सोसायटीच्या दारात जे जुने-नवे चालते, चार दिवसांसाठी हातउसने आणून भरायचे आणि लगेच नवे कर्ज उचलायचे, त्याची चाल याहून फार निराळी नाही.

1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा पहिला मोठा पालट. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणे बंद. जमीन खास गहाण दिलेली नसेल तर तिच्यावर जप्ती नाही. न्यायाधीशाने रोख्याच्या आत शिरून, मुळात पैसे किती दिले होते ते पाहायचे. आणि त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे एक स्वतंत्र प्रकरण होते. पोटापुरती जमीन त्याच्याकडे ठेवायची, उरलेली कलेक्टरने जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घेऊन तिच्या उत्पन्नातून सावकारांना द्यायचे. माणूस बुडू शकतो आणि बुडाल्यावर त्याला एका ठरावीक मुदतीनंतर वर येता आले पाहिजे, हे सरकारने इथे, या कोरडवाहू पट्ट्यासाठी, कायद्यात लिहिले.

सावकारांनी त्यातून वाट काढली. गहाणखत कोर्टात उकरले जाते ना, मग गहाण नकोच. सरळ खरेदीखत करा. तोंडी बोली अशी, की पैसे फिटले की जमीन परत. कागदावर मात्र फरोक्त. 1907 साली कायद्यात कलम घालावे लागले, की वरून विक्री दिसणाऱ्या व्यवहारामागचे कर्ज तोंडी पुराव्याने दाखवता येईल. एकशे सात वर्षांनी, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात, जिल्हा निबंधकाला जवळपास तोच अधिकार पुन्हा द्यावा लागला. म्हणजे ती बोली अजून चालूच होती.

बियाण्याच्या पैशाचा प्रश्न नीट ओळखला तो विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने. त्या काळच्या पुण्यात या विषयावर कसून चर्चा होत असे. वेडरबर्न यांची योजना दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यासाठी होती. आधी तालुक्यातली जुनी कर्जे तडजोडीने मिटवायची आणि त्याच वेळी एक शेतकी बँक उघडून, कर्ज मिटलेल्या शेतकऱ्याला रास्त व्याजाने नवे द्यायचे. दोन्ही एकत्र, एक सोडून दुसरे नाही. हिंदुस्थान सरकारने अनुकूलता दाखवली, लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी मोडता घातला. त्या शतकातली या विषयावरची सगळ्यांत शहाणी कल्पना ती होती, असे माझे मत आहे, आणि ती फायलीत मेली.

तिचे दोन तुकडे मग वेगवेगळ्या वाटांनी आले. कर्ज देण्याचा तुकडा 1904 च्या सहकारी कायद्यातून. पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक 1917 ची. कर्ज कमी करण्याचा तुकडा 1939 आणि 1947 च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांतून. सहकार पोचला किती? रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने 1951-52 च्या पाहणीवरून सांगितले, की देशातल्या ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. पुढे भीमा-घोडच्या काठाला ऊस आला, पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने झाले, सोसायटीचे कर्ज ऊसबिलातून कापले जाऊ लागले, आणि काही दशके हे गणित बसले.

2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांनी बाकी पुसली. 2017 ला दीड लाखापर्यंत, 2019 ला दोन लाखांपर्यंत. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, नील दाखला हातात आला. पुढचे कर्ज प्रत्यक्षात मिळेल की नाही, हा प्रश्न उरलाच. दरम्यान गावात एक नवा शब्द आला होता: सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी पत. पारावर बसलेला साठीचा म्हाताराही आता विचारतो, ‘‘सिबिल किती हाय तुझं?’’

दौंड तालुक्यातल्या चौफुल्याच्या बाजूचे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. पोल्ट्रीचे शेड होते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली आणि तयार पक्षी मातीमोल झाले, हे पुष्कळांना आठवत असेल. कर्ज थकले. नंतर बँकेने एकरकमी तडजोडीचे पत्र पाठवले, त्यांनी म्हशी आणि बायकोचे दागिने विकून ठरलेली रक्कम भरली. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कायम झाला, तेव्हा दोघांच्या नावे घरासाठी कर्ज मागायला शिरूरला गेले. मॅनेजर पोरगेलासा, स्वभावाने चांगला. त्याने पतअहवालाचा कागद त्यांच्यापुढे फिरवून एका ओळीवर पेन ठेवले.

‘‘काका, इथं सेटल्ड आलंय.’’

‘‘मग बरोबरच आहे की साहेब. सेटल केलं आम्ही. पत्र आहे तुमच्याच लोकांचं.’’

‘‘भरलेत तुम्ही, पण पूर्ण नाही भरलेत. उरलेली रक्कम बँकेनं सोडली, असा त्याचा अर्थ होतो. वरून फाईल परत येईल.’’

‘‘किती दिवस येईल?’’

मॅनेजरने खांदे उडवले नाहीत की टाळले नाही. ‘‘ते मला सांगता येणार नाही, काका,’’ म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. पतमाहिती कंपन्यांनी ही माहिती किमान सात वर्षे जपावी असा नियम आहे. तडजोड केलेल्याला, शेतीकर्ज सोडून इतर बाबतीत, पुन्हा कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबावे, असे रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये सांगितले. दोन्हीकडे ‘किमान’. कमाल कुठेच नाही. ब्रिटनमध्ये नादार ठरलेला माणूस सर्वसाधारणपणे वर्षभरात मुक्त होतो आणि सहा वर्षांनी ती नोंद त्याच्या पतअहवालातून जाते. अमेरिकेत नादारीची नोंद दहा वर्षांपर्यंत राहू शकते, पण सरकारी हमीच्या गृहकर्जाचा दरवाजा मुक्तीनंतर सहसा दोन वर्षांनी उघडतो. तिथल्या बुडालेल्याला निदान भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करता येते.

बँकेची बाजू मी हलकी मानत नाही. तिच्याकडचा पैसा ठेवीदाराचा आहे, आणि ज्या जिल्ह्याने पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत तिथे हे समजावून सांगायची गरज नाही. पण 1875 चा सावकार कितीही लबाड असला तरी त्याला ठाऊक असे, की अमक्याचे कर्ज पाऊस न पडल्यामुळे थकले आणि तमक्याचे उधळेपणामुळे. त्या माहितीची तो जबर किंमत वसूल करी, पण ती त्याच्याजवळ होती. अहवालातल्या रकान्यात कारणाला जागा नाही. पीककर्जासाठी सिबिल विचारू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बँकांना बैठकीत एकाहून अधिक वेळा बजावतात; पुन्हा बजावावे लागते, यातच काय ते आले. आणि घरासाठी, दुकानासाठी, पिकअपसाठी तेवढेही कोणी बजावत नाही.

बँकेत खाते उघडण्याची गोष्ट कर्जाच्या मानाने सोपी झाली. 2014 च्या जनधननंतर शून्य शिलकीचे खाते थकबाकीदारालाही मिळते. अडचण पैसे आल्यावर सुरू होते. कर्ज असलेल्या बँकेतच अनुदान जमा झाले तर ते होल्ड होईल किंवा बाकीला वळते होईल, या धास्तीने लोक दुसऱ्या बँकेत दुसरे खाते काढतात आणि आधार तिकडे जोडतात. अतिवृष्टीची भरपाई कर्जाला वळवू नका, असे आदेश सरकार काढत असते, तरी ही धास्ती जात नाही.

चौफुल्याच्या त्या गृहस्थांनी शेवटी एका पतसंस्थेतून चढ्या व्याजाने थोडी रक्कम उचलली. उरलेल्यासाठी गावातल्या एका बागायतदाराने हात पुढे केला. त्याची अट एकच होती: दीड एकराचे खरेदीखत.

माणसाने रीतसर नादार व्हावे आणि वर्षभरात मोकळे व्हावे, अशी तरतूद 2016 च्या दिवाळखोरी संहितेत आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झाला. शेतकरी, पोल्ट्रीवाला, पिकअप चालवणारा यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्याच्या वाटेला कोणी जात नाही, आणि नादारीतून मुक्त न झालेल्याने दुसऱ्यांदा कर्ज काढण्याबद्दल त्यात काय लिहिले आहे ते पाहिले, तर जाऊही नये असे वाटते: आपण नादार आहोत हे न सांगता त्याने पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद.