कोठार कोणासाठी?

बंगळूरनजीक हेसरघट्टा येथे १९६७ साली भारतीय बागायती संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या टोमॅटोच्या 'अर्का विकास' या सरळ वाणाचे बी राखून पुढल्या वर्षी पेरता येते. 'अर्का रक्षक' संकरित असल्याने त्याचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. म्हणून पेरणीपूर्वीच हिशेब हवा : काय राखावे, किती मागवावे?

टंचाईच्या भीतीने जादा साठविलेल्या बियाण्याची उगवणशक्ती पडून पडून घटते, आणि शेजाऱ्याचे वाफे रिकामे राहतात. योसेफाने सुकाळात पाचवा हिस्सा साठविला तो देशाच्या दुष्काळासाठी. दाखल्यातील धनवानाने मोठी कोठारे योजिली ती केवळ स्वतःसाठी. साठवण दोघांचीही, भेद हेतूचा. विश्वासू कारभाऱ्याने मागणी लिहिताना आपल्या एकरांबरोबर शेजाऱ्याची गरजही मोजावी.