दुःख सोसणे आणि स्वतःला अर्पिणे

ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा आमच्या मंडळ्यांत सर्वांत अधिक वेळा सांगितली जाते. उपवासकाळ आला की गावोगावी तिचे वाचन होते. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोध होतो. भजनांत व कीर्तनांत तिचेच वर्णन असते. ज्यास अक्षरओळख नाही असा वृद्ध मनुष्यही गेथशेमानेपासून गुलगुथापर्यंतची वाट तोंडपाठ सांगतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कथा पाठ होणे निराळे आणि तिचा अर्थ उमगणे निराळे. म्हणून एक प्रश्न आम्ही आज आपल्या बंधुभगिनींपुढे, व विशेषेकरून प्रचारक व बायबलबाई यांजपुढे ठेवितो. ही कथा ऐकून घरी जाणारा मनुष्य काय शिकून जातो?

ऐकणारा कोण असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो सालगडी असतो; उचल घेऊन ऊसतोडीस जाणारा मजूर असतो; नवऱ्याचा मार खाऊन मंडळीत येऊन मागे बसणारी स्त्री असते. प्रभूने निमूटपणे सोसले, कोकराप्रमाणे तोंड उघडले नाही, एवढेच त्यांस सांगून आपण थांबलो, तर ते मनात म्हणतात, ‘मग आम्हीही सोसलेच पाहिजे, सोसणे हेच पुण्य.’ बोध करणाऱ्याने असे सांगितलेले नसते. पण ऐकणाराने तेच नेलेले असते. हे शुभवर्तमान होय काय? दुःख ही स्वतः चांगली वस्तू आहे, असे आपला प्रभू शिकवितो काय?

आमचे उत्तर असे की, नाही. ते का, हे शेतकऱ्याच्या परिचयाच्या दाखल्याने सांगू.

शेतकऱ्याचे धान्य तीन प्रकारांनी जाते. कधी गारपीट होते व उभी ज्वारी झोपते. कधी कोणी दांडगा मनुष्य रात्री आपली ढोरे पिकात सोडतो. आणि कधी शेतकरी स्वतःच निवडून ठेवलेले बियाणे घेऊन ते मातीत पेरतो. तिन्ही वेळा घरातले धान्य कमी झाले खरे. पण गारपिटीला कोणी पेरणी म्हणत नाही, व ढोरांनी खाल्लेल्या शेताला तर नाहीच नाही. दुःखाचेही तसेच आहे. एक दुःख आपल्यावर येऊन पडते. एक दुसरा मनुष्य आपल्यावर लादतो. आणि एक आपण दुसऱ्याच्या जीवासाठी आपल्या खुशीने पत्करतो. योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने आपल्या मरणास गव्हाच्या दाण्याची उपमा दिली, ती या तिसऱ्यासच लागू पडते. आपला जीव कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असेही तो त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट सांगतो. यज्ञ म्हणावे ते यास. पहिल्या दोहोंस यज्ञ म्हणणे म्हणजे गारपिटीस पेरणी म्हणणे होय.

आता पहिल्या प्रकारच्या दुःखाविषयी पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाट होण्यापूर्वी किल्लारीच्या परिसरात भूमिकंप झाला व झोपेतच हजारो माणसे गाडली गेली. अशा वेळी ‘हा कोणाच्या तरी पापाचा दंड’ असे म्हणणारे लोक सर्व धर्मांत निघतात. परंतु शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून प्रभूनेच ‘नाही’ असे उत्तर दिले, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. किल्लारीस माणसे मेली ती बहुतकरून मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व वरचे जड माळवद अंगावर कोसळून. यातून शिकावयाचे ते हे की घर कसे बांधावे. देव कोणावर रागावला, हे त्यातून निघत नाही.

तसेच विष्णुपुरीचे. नांदेडाजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. सबंध जिल्ह्यातील व बाहेरचेही गरीब लोक तेथे येतात. २०२३ च्या सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी, चोवीस तासांत, तेथे २४ रोगी मरण पावले; त्यांत १२ नुकती जन्मलेली बालके होती. हे वृत्त देशभर पसरले व मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. दोष कोणाचा, किंबहुना दोष होता की नाही, हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण अशा मातेच्या दारी गेलेल्या प्रचारकाने काय बोलावे, हे ठरविणे आमचे काम खचित आहे. ‘देवाची मर्जी’ हे दोन शब्द बोलून त्याने उठावे काय? लाजाराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. मरियेला व मार्थेला त्याने सोसण्याचा उपदेश केला नाही. रडणाऱ्याबरोबर रडावे, आणि ‘असे का झाले’ हा मातेचा प्रश्न अविश्वास समजून दाबू नये. वधस्तंभावर प्रभूनेही ‘का’ असे देवासच विचारले. त्याने विचारले तर आपल्या मंडळीतील मातेने का विचारू नये?

चारही शुभवर्तमाने शोधून पाहा. कुष्ठी, आंधळा, पांगळा, रक्तस्रावाने पीडलेली स्त्री, यांपैकी एकासही प्रभूने ‘हे तुझे दुःख चांगले आहे, ते ठेव,’ असे म्हटले नाही. त्याने बरे केले. शब्बाथ दिवशीही बरे केले, आणि त्यामुळे त्याचे शत्रू वाढले. स्वतःच्या दुःखाचीही त्यास आवड नव्हती. नासरेथकरांनी त्यास कड्यावरून लोटावयाचे ठरविले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हा तो तेथून बाहेर पडला. आणि गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. ज्यास दुःख हेच पुण्य वाटते तो अशी प्रार्थना करीत नाही.

आता दुसरा प्रकार, म्हणजे लादलेले दुःख. येथे आपली परीक्षा अधिक कठीण आहे. दुसरा गाल पुढे करण्याविषयीचे प्रभूचे वचन सर्वांस ठाऊक असते. पण महायाजकापुढे शिपायाने त्याच्या तोंडात मारली तेव्हा तो काय बोलला, हे थोड्यांस ठाऊक असते. मी वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, नसलो तर मारतोस का, असे त्याने विचारले. हे योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याने उलट हात उगारला नाही. तथापि अन्यायाला त्याने अन्यायच म्हटले. पौलानेही फिलिप्पै येथे बेकायदा फटके बसल्यावर गुपचूप सुटून जाण्याचे नाकारले, व पुढे न्याय मिळेना तेव्हा कैसराकडे दाद मागितली. तो भित्रा होता असे कोण म्हणेल?

कोणी म्हणतील की पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात दासांस कठोर धन्याच्याही अधीन राहण्यास सांगितले आहे, त्याचे काय? हा प्रश्न योग्य आहे व तो टाळू नये. ते पत्र ज्यांस लिहिले त्या दासांस न्यायाचे दार नव्हते. पळणे म्हणजे मरण होते. अशा मनुष्यास प्रेषित सांगतो की, तुझ्या दुःखात ख्रिस्त तुझ्याबरोबर आहे. हे ज्यास सुटका नाही त्याचे सांत्वन होय. जो मारतो त्यास दिलेला परवाना नव्हे. आज आपल्या देशात दार आहे. अस्पृश्यता व वेठ ही राज्यघटनेने बंद केली. कर्जापायी मनुष्य बांधून ठेवण्याची रीत १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या रक्षणासाठी २००५ चा कायदा आहे. दार उघडे असता ते न दाखविता ‘सोस, बाई’ म्हणणारा प्रचारक पेत्राचे वचन सांगत नाही. तो दाराला आपली पाठ लावून उभा आहे.

या संबंधात कुरेनेकर शिमोनाची गोष्ट आमच्या लोकांनी पुन्हा वाचावी. तो शेतातून येत होता व शिपायांनी त्यास धरून प्रभूचा वधस्तंभ वाहावयास लाविले. ही वेठ होती. आमच्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांनी वेठ केली आहे. पाटलाचे व सरकारी अंमलदाराचे ओझे गावोगाव वाहिले आहे. शुभवर्तमान या वेठीला भक्ती असे गोंडस नाव देत नाही. बळजबरीने लाविले, असेच लिहिते. तरीही मार्क त्याच्या दोन मुलांची नावे देतो, त्यावरून ते घराणे पुढे मंडळीस परिचित होते असे दिसते. म्हणजे लादलेल्या ओझ्याखालीही देव मनुष्यास भेटू शकतो. पण म्हणून ओझे लादणारे शिपाई न्यायी ठरले नाहीत. ही दोन्ही सत्ये एकत्र सांगता आली पाहिजेत.

तिसरा प्रकार तोच खरा यज्ञ. याचे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. त्या स्वतः तरुणपणी विधवा झाल्या. दुःख काय असते हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. त्या काळच्या विधवेस चहूकडून एकच उपदेश मिळत असे: हे तुझे प्रारब्ध, ते मुकाट्याने भोग. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढून विधवांस शिक्षणाचे दार उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व स्त्रिया केडगावास आणिल्या. आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी त्या झिजल्या. त्यांनी स्वतः कष्ट पत्करले ते दुसरीचे कष्ट सुटावे म्हणून. वधस्तंभाची कथा त्यांस समजली होती असे आम्ही म्हणतो ते यावरून.

आपल्या शेजाऱ्यांसही हे तत्त्व अनोळखी नाही. नांदेड येथे १७०८ साली ज्यांनी देह ठेविला त्या गुरू गोविंदसिंगांचे पिते, गुरू तेगबहादूर, यांचा १६७५ साली दिल्लीस शिरच्छेद झाला. दुसऱ्यांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी तो पत्करला असे शीख बांधव सांगतात. अशा त्यागाचा आपण मनापासून आदर करावा. आपली विशेष साक्ष एवढीच की, ख्रिस्ताचा यज्ञ सर्वांसाठी एकदाच व पूर्णपणे झाला, असे इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय शिकवितो. या शिकवणीतून जे निघते ते नीट पाहावे. यज्ञ पुरा झाला असेल तर आता दुसऱ्या कोणास वेदीवर चढविण्याचे कारण उरले नाही. घराच्या अब्रूसाठी सून, धन्याच्या नफ्यासाठी गडी, मंडळीच्या नावासाठी अन्याय झालेला मनुष्य, यांस बळी देणारा मनुष्य ख्रिस्ताचा यज्ञ अपुरा होता असेच आपल्या कृतीने म्हणतो. वधस्तंभ मनुष्याने स्वतःसाठी उचलावयाचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार कोणास दिलेला नाही. जड ओझी लोकांवर लादून स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांस प्रभू काय बोलला, हे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, व आम्हा पाळकांनी ते आधी वाचावे.

‘असे शिकविले तर क्षमा व धीर या गोष्टी मंडळीतून जातील,’ अशी शंका काहींस येईल. आम्हांस तसे वाटत नाही. क्षमा म्हणजे झालेला अन्याय झाकणे नव्हे. उलट तो अन्याय आहे असे आधी म्हटल्यावाचून क्षमेस विषयच राहत नाही. आणि धीर हवाच. ज्या रोगास औषध नाही, जे मरण परतवता येत नाही, तेथे धीरावाचून दुसरे काय आहे? अशा घरी वधस्तंभाची कथा जे सांत्वन देते ते दुसऱ्या कशानेही मिळत नाही. पण जेथे औषध आहे तेथे औषध आणावे, व धीर त्या वाटेची शिदोरी म्हणून द्यावा.

शेवटी शिकविणारांस दोन शब्द. कथा गुलगुथापासून आरंभू नका, गालीलापासून आरंभा. मार्काने सोळांपैकी सहा अध्याय शेवटच्या आठवड्यास दिले, हे खरे. पण आधीचे दहा वाचल्यावाचून प्रभूस का मारले हे कळत नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली नवख्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी उत्पत्तीपासून कथा सांगितली. रेव्हरंड टिळक यांनी आरंभिलेले व १९१९ साली त्यांच्या मागे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरे केले, तेही सबंध चरित्र आहे. तसेच, कथा शुक्रवारी संपवू नका. रविवार सांगितला नाही तर ऐकणारा असे समजेल की जग जसे चालले आहे तसे देवास मान्य आहे. पुनरुत्थान म्हणजे त्या निकालावर देवाने दिलेला उलट निकाल होय. आणि कीर्तन आटोपल्यावर मागे बसलेल्या एका तरी श्रोत्याजवळ जाऊन विचारा, ‘बाई, आज आपण काय ऐकले?’ ती म्हणाली की, ‘सोसावे असे ऐकले,’ तर तिचे दुःख कोणत्या प्रकारचे आहे ते आधी ऐकून घ्या. ते गारपिटीचे असेल तर तिच्याजवळ बसा. ढोरे सोडल्याचे असेल तर तिच्याबरोबर उठून चला. आणि तिने स्वतः कोणासाठी जीव पेरला असेल, तर तिच्यापुढे मस्तक लववा, कारण वधस्तंभाचा अर्थ तिला तुमच्याआधी कळला आहे.