गुरूकडे मागायचं तरी किती?

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



5 सप्टेंबर जवळ आला की आपल्या ग्रुपवर शिक्षक दिनाच्या शुभेच्छा सुरू होतात. फळा, खडू, पणती, गुलाबाची फुलं. सकाळी सातच्या आत मोबाईल भरून जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण यंदा शुभेच्छा पुढे पाठवण्याआधी एका प्रश्नावर सगळ्यांनी मिळून थोडा विचार करावा, असं आम्हा सेवेकरी भगिनींना वाटलं. प्रश्न करोनाच्या काळातला आहे. तो काळ गेला, मास्क गेले, पण हा प्रश्न तसाच राहून गेला आहे.

ज्याला आपण गुरू म्हणतो, त्याच्याकडून त्याग मागायचा अधिकार आपल्याला असतो का? आणि असलाच, तर किती?

आधी काय काय झालं ते आठवूया. मार्च 2020 मध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या शाळा बंद झाल्या. पहिली ते पाचवीची मुलं पुन्हा वर्गात बसली ती सप्टेंबर 2021 मध्ये. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. त्या दीड वर्षात एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, लग्नकार्यात, भाजीवाल्यापाशी, अगदी आरतीनंतरच्या गप्पांतसुद्धा: ‘शिक्षकांची मजा आहे बाई, घरबसल्या पगार!’

आता त्या मजेत काय काय होतं, ते बघा. एप्रिल 2020 मध्येच मध्य प्रदेशात सरकारी शाळांसाठी डिजीलेप सुरू झालं. शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप करायचे आणि वरून आलेले धड्यांचे व्हिडिओ त्यावर टाकायचे. पण ग्रुप करायला पालकांकडे तसा फोन तर हवा! हजीऱ्याच्या किंवा मुरारच्या वस्तीत घरात एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात, आणि वडील कामावर. मग फोन करा, पुन्हा करा, शेजाऱ्याचा नंबर मागा.

त्या वर्षी गुरुपौर्णिमा 5 जुलैला होती. आपण सगळ्यांनी घरीच पादुकापूजन केलं. दुसऱ्याच दिवशी, 6 जुलैला, राज्यात ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ सुरू झालं. घराचीच शाळा करायची, सकाळी दहा वाजता घरच्यांनी घंटा किंवा थाळी वाजवून मुलांना अभ्यासाला बसवायचं, अशी कल्पना. कल्पना गोड होती. पण ती चालवायला शिक्षकच लागत होते. मुलांना फोन करायचे, काही मुलांच्या घरी स्वतः जायचं, वह्या बघायच्या, मध्यान्ह भोजनाचं कोरडं धान्य पोचतंय की नाही ते पाहायचं, आणि त्या सगळ्याची माहिती वर भरून पाठवायची. बाकीच्यांना सरकार ‘घरीच राहा’ सांगत होतं आणि शिक्षकांना ‘घरोघर जा’ सांगत होतं.

मग आली निवडणूक. 3 नोव्हेंबर 2020 ला राज्यात 28 जागांची पोटनिवडणूक झाली. आपल्याकडे ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा या तीन जागा होत्या. आपण मास्क लावून रांगेत उभे राहिलो, मत दिलं, घरी येऊन आंघोळ केली. आत टेबलापाशी दिवसभर बसलेले बरेचसे कोण होते? शाळेतले सर आणि मॅडम.

पुढच्या वर्षी तर फारच वाईट झालं. एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, दमोहला पोटनिवडणूक झाली. तिथे ड्यूटी केलेले शिक्षक दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच महिन्यात शेजारच्या उत्तर प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका झाल्या. तिथल्या शिक्षक संघटनेने मृत शिक्षक आणि शाळा कर्मचाऱ्यांची 1,621 नावांची यादी सरकारला दिली. सरकारी खात्याने आधी मान्य केले ते फक्त 3 मृत्यू. कारण नियमात मृत्यू ड्यूटीच्या वेळेत झालेला हवा होता, आणि करोना तर अंगात शिरून काही दिवसांनी माणसाला नेत होता. खूप ओरड झाल्यावर नियम बदलला आणि ड्यूटीपासून 30 दिवसांपर्यंतचे मृत्यू धरले गेले. नियम बदलला हे बरंच झालं. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराला आधी कळलं ते हे की आपला माणूस मोजण्यात आलेला नाही.

महाराष्ट्रातही वेगळं नव्हतं. आपल्यापैकी अनेकांची माणसं पुण्याला, सोलापूरला, नागपूरला आहेत. तिकडे शिक्षक सर्वेक्षणाला घरोघर गेले, नाक्यांवर उभे राहिले, रेशन दुकानांवर बसले. कितीतरी शाळांत विलगीकरण केंद्रं झाली.

आणि खासगी शाळा? तिथे त्रास दुसऱ्या तऱ्हेचा होता. आमच्या ओळखीतल्या एक ताई शहरातल्या एका खासगी शाळेत शिकवतात. सकाळी आठपासून मोबाईलसमोर वर्ग, दुपारी वह्यांचे फोटो तपासणं, रात्री अकरापर्यंत पालकांचे फोन. त्यातून वर्गाच्या वेळी मुलांच्या मागे कुटुंब बसलेलं, प्रत्येक वाक्यावर कान लावून. पगार मात्र काही महिने अर्धा आला आणि काही महिने आलाच नाही. त्याच शाळेच्या बसचे ड्रायव्हर भाऊ भाजीची गाडी ढकलत होते. शाळेतल्या आया आणि शिपाई यांचं कसं चाललंय, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

आता दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवायला नको. पालकांची दुकानं बंद होती. महाराज बाड्यावर ज्यांचा रोजचा धंदा, त्यांच्या घरी चूल कशी पेटत होती हे आपण पाहिलंय. मूल घरात आणि फी शाळेला, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की करोना असेपर्यंत खासगी शाळांनी फक्त शिक्षण शुल्क घ्यावं, बाकी काही नाही, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांचा पगार कापलाच तर 20 टक्क्यांपेक्षा जास्त कापू नये. म्हणजे न्यायालयालाही पालक आणि शिक्षक या दोघांची पोटं एकाच निकालात बघावी लागली. आपल्या बोलण्यात मात्र एकच बाजू यायची.

कोणी म्हणेल, डॉक्टर नाही का गेले? पोलीस नाही का उभे राहिले? गेले, आणि त्यांना साष्टांग नमस्कारच आहे. पण डॉक्टर होताना माणसाला माहीत असतं की रोग्याजवळ जावं लागणार. पोलिसाला माहीत असतं की संकटात रस्त्यावर उभं राहावं लागणार. बाराखडी शिकवायला आलेल्या बाईंनी असं काही कबूल केलं होतं का? त्या गेल्या, आणि जाताना त्यांना ‘तुम्ही तर गुरू आहात, राष्ट्रनिर्माते आहात’ असं सांगितलं गेलं. तिथेच आमचं मन अडतं. गुरू हा शब्द आपण पूजेसाठी वापरतो की काम काढून घेण्यासाठी?

आपली सेवा आठवा. लॉकडाऊनमध्ये आपल्या ग्रुपने शिधा बांधला, पोळ्या करून पाठवल्या. तेव्हा ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती, ज्यांना शुगर होती, त्यांना आपणच म्हटलं, ‘तुम्ही बाहेर पडू नका, घरी बसून पोळ्या लाटा.’ कोणी नाही म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेतलं नाही. सेवेत एवढी मोकळीक असते, म्हणून तर तिला सेवा म्हणायचं. घरी आजारी सासू असलेल्या शिक्षिकेला मात्र नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर नोटीस.

याच जागी सावित्रीबाई फुल्यांची आठवण येते. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथल्या त्या शिक्षिका. 1897 च्या प्लेगमध्ये त्यांनी आपल्या डॉक्टर मुलाबरोबर, यशवंतबरोबर, रोग्यांची शुश्रूषा केली. शेवटी त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. आज शिक्षकांना त्यागाचा उपदेश करताना हेच उदाहरण देतात. पण नीट बघा, सावित्रीबाईंना कुणी हुकूम दिला नव्हता. त्यांच्या मनाने सांगितलं आणि त्या गेल्या. अशा मरणापुढे आपण डोकं टेकतो. पण त्या मरणाचं माप घेऊन दुसऱ्याला ‘तूही एवढं दे’ म्हणणं, हा सावित्रीबाईंचाही मान नाही आणि त्या दुसऱ्याचाही नाही. त्याग स्वतःकडून मागायचा असतो. दुसऱ्याकडून मागितला की त्याला दुसरं नाव द्यावं लागतं.

मग आपल्याकडे गुरू-शिष्याचा धर्म काय सांगतो? आपण तर गाण्याच्या गावात राहतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला आले, वासुदेवबुवा जोशींकडे राहून शिकले आणि इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. गुरूच्या घरचं पाणी भरणं, झाडलोट करणं हे त्या काळी शिष्याचं काम. आणि हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्यासारख्या गुरूंच्या पोटापाण्याची काळजी शिंद्यांच्या दरबाराने घेतली, तेव्हा ही विद्या टिकली. म्हणजे गुरू मानलं की आपल्यावर काम वाढतं. त्याच्या घरात दाणे आहेत का, तो निजतो कधी, त्याची तब्येत कशी आहे, हे बघणं शिष्याच्या आणि राजाच्या वाट्याला येतं. आपण हे उलटं करून टाकलं. गुरू म्हटलं आणि ओझं त्याच्याच डोक्यावर ठेवलं.

महाभारतातल्या द्रोणाचार्यांच्या घरची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. एवढा मोठा आचार्य, पण घरात दूध नाही. अश्वत्थामा दूध मागतो, तेव्हा त्याला पाण्यात पीठ कालवून देतात आणि तो पोर दूध प्यायलो म्हणून नाचतो. त्या दिवसाचा सल द्रोणांच्या मनातून कधी गेला नाही. द्रुपदाकडे गेले तर अपमान झाला, आणि त्या अपमानाचा धागा पार कुरुक्षेत्रापर्यंत गेला. लोक या गोष्टीतून द्रोणांचा राग शिकतात. आम्हाला मात्र ती पिठाच्या पाण्याची वाटी दिसते. ज्या समाजात शिकवणाऱ्याच्या मुलाला दूध मिळत नाही, तिथे विद्या असते, पण ती आतून कडू होत जाते.

आता कोणी विचारेल, करोना तर गेला, हे उकरून काय मिळणार? मिळणार ते असं, की संकट पुन्हा कोणत्या तरी रूपात येईलच, आणि तोपर्यंत साध्या दिवसांतही शिक्षकांवरचं हे ओझं उतरलेलं नाही. कोणतीही यादी करायची असली की शिक्षक. कोणतीही मोजणी असली की शिक्षक. रात्री साडेदहाला ‘मॅडम, उद्या कोणती वही आणायची?’ असा मेसेज, आणि उत्तर पाच मिनिटांत हवं. करोनात लागलेली ही सवय आपल्या घरांतच राहिली आहे.

सरकार काय करेल ते आपल्या हातात थोडं आहे. घर मात्र आपल्या हातात आहे. म्हणून या महिन्यात आपल्या ग्रुपच्या सगळ्या कुटुंबांनी चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

संध्याकाळी सातनंतर मुलांच्या शिक्षकांना मेसेज किंवा फोन करू नये, अगदीच अडल्याशिवाय.

फी देणं शक्य असेल तर तारखेला द्यावी. आणि अडचण असेल तर शाळेत जाऊन बोलावं, फोन टाळू नये. त्या पैशांवर कुणाचं तरी वाणसामान अवलंबून असतं.

मुलांसमोर शिक्षकांची चेष्टा करू नये. मुलं ऐकतात, आणि वर्गात तसंच बघतात.

आणि शाळेतल्या आया, शिपाई, बसचे ड्रायव्हर यांची नावं आपल्या मुलांना माहीत आहेत का, ते विचारावं. नसतील तर उद्या विचारून यायला सांगावं.

आपल्या घरातले किंवा ओळखीतले कोणी शिक्षक, शाळेतले कर्मचारी त्या दोन वर्षांत गेले असतील, तर येत्या गुरुवारी आरतीनंतर त्यांचं नाव घेऊन दोन मिनिटं शांत बसूया. नावं आधी ग्रुपवर पाठवावीत, म्हणजे एकही सुटणार नाही.

जय गुरुदेव 🙏

— सेवेकरी भगिनी मंडळ, लश्कर, ग्वाल्हेर