अर्जुनाचे रडणे

2022 मध्ये भारतात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत जवळपास 72 टक्के पुरुष होते. तरीही मुलगा रडू लागला की 'बायकांसारखा रडू नकोस' असे आपण धर्माज्ञाच असल्यासारखे सांगतो. पण गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा आहे. श्रेष्ठ धनुर्धर रणांगणात थरथरतो, तोंडाला कोरड पडते, हातातले गांडीव गळते, डोळे भरून येतात. कृष्णाने त्याला दुबळेपणाबद्दल खडसावलेच ना, असे कोणी म्हणेल. खडसावले खरे, पण संवाद तोडला नाही. पुढचे 17 अध्याय तो त्याच्या शंका ऐकतो, पुन्हा पुन्हा समजावतो. स्थितप्रज्ञता ही त्या बोलण्यातून गाठायची अवस्था. लहान मुलावर लादायची अट नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: भक्ताचे अश्रू देवासाठी असतात, संसारासाठी नव्हेत. तुकोबांकडे पाहा. दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, दिवाळे निघाले, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितले आणि वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायले. वारीत आजही धिप्पाड शेतकरी एकमेकांच्या पाया पडतात, उपरण्याने डोळे पुसतात. तोच माणूस घरी कर्जाबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर ती मोकळीक पंढरीच्या वाटेपुरतीच का राहावी? बापाने मुलापुढे 'मला धास्ती वाटते' म्हटल्याने धर्माला बाधा येते, असे संतांच्या वाणीत मला कुठेही सापडत नाही.