भरवशाचा माणूस

एखादा जुना स्वातंत्र्यसैनिक किंवा निवृत्त जवान नव्वदीत जातो, तेव्हा त्याच्या शोकसभेची रीत ठरलेली असते. त्याच्या तरुणपणीच्या एकदोन प्रसंगांवर वक्ते भरभरून बोलतात आणि पुढची साठ-सत्तर वर्षं ‘ते अतिशय कुटुंबवत्सल होते’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. ही घाई योग्यच आहे असं सांगणारा एक विचारही आता जाणत्या मंडळींत रूढ झाला आहे. समाजानं स्मरावं ते समाजासाठी केलेलं काम. संसार काय, सगळेच करतात. तो ज्याचा त्याचा खासगी मामला, त्याचं सार्वजनिक कौतुक कशाला? ऐकताक्षणी पटावा असा हा युक्तिवाद आहे. मला तो उथळ वाटतो, आणि इतक्या सहज पटतो म्हणूनच त्याचा समाचार घेणं मला गरजेचं वाटतं.

नंदुरबारसारख्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी, ‘चले जाव’ चळवळीत, इथल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता सोळाव्या वर्षी गेला. लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हे त्याचे सोबतीही गेले. गाव त्यांना विसरलेलं नाही, विसरूही नये. पण त्या मिरवणुकीतली सगळीच मुलं मेली नाहीत. बाकीची घरी परतली, मोठी झाली, कामधंद्याला लागली, म्हातारी झाली. वर सांगितलेला विचार मान्य केला, तर त्यांच्या वाट्याला त्या एका दिवसापुरतं स्मरण येतं आणि उरलेलं सारं आयुष्य जमेस धरलं जात नाही. मृत्यू हेच त्यागाचं एकमेव माप ठरतं. जगलेल्यांवर हा अन्याय आहेच. शिवाय तो हुतात्म्यांवरही आहे, कारण मग त्यांचं मरण तेवढं मोलाचं ठरतं आणि जे आयुष्य त्यांना मिळालं नाही त्याची किंमत शून्य होते.

‘घर खासगी, लढा सार्वजनिक’ ही वाटणी मुळात इतिहासालाच धरून नाही. साताऱ्याचं प्रतिसरकार शेकडो गावांत 1943 पासून तीन वर्षं टिकलं, ते काय केवळ बंदुकांवर? भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी घालणारी, निरोप पोचवणारी, पोलिसांचा मार खाऊनही तोंड न उघडणारी घरं होती म्हणून ते टिकलं. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. त्याचा इतिहास सांगताना प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांचं धाडस सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. पण साताऱ्याकडच्या कुंडलहून आलेल्या या माणसांना परक्या खानदेशात लपायला जागा कुणी दिली, या प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी घरातच शोधावं लागतं. डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील या खानदेशातल्या जोडप्यानं तर घर आणि लढा यांच्यात भिंतच ठेवली नव्हती. ज्या घरांनी लढा पोसला, ती लढा संपताच खासगी कशी झाली?

यावर म्हटलं जाईल की ती लढ्याच्या काळातली घरं होती. नंतरच्या संसाराचा शौर्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो शौर्याच्या स्वरूपातच आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते 8 ते 11 एप्रिल 1948 या दिवसांतल्या कामासाठी. काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट करून द्यायची होती. रस्त्यात सुरुंग होते, आडवी टाकलेली झाडं होती, वरून मारा होत होता. राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले आणि तरीही तिथून हलले नाहीत. त्या कामात त्वेषाचा एखादा क्षण शोधू गेलं तर सापडत नाही. सापडतो तो एक सुरुंग काढल्यावर पुढचा काढणारा, मागचे आपल्यावर विसंबून आहेत म्हणून न थांबणारा माणूस. ते 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात वारले. ज्या गुणासाठी त्यांना चक्र मिळालं, तो गुण युद्धाबाहेर आपण पाहतो कुठे? दिवसामागून दिवस कुणीतरी आपल्यावर विसंबलेलं असतं तिथे, म्हणजे मुख्यतः घरात.

प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड यांचं उदाहरण घ्या. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली गेली तेव्हा ते ऐन विशीत होते. ते वारले फेब्रुवारी 2022 मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर. मध्ये 78 वर्षं गेली. इतक्या वर्षांना ‘नंतरचं खासगी आयुष्य’ म्हणून बाजूला सारणारा इतिहास माणसाचा राहत नाही, तो घटनांची यादी होतो.

दुसरे काही आक्षेप फार वेळ घेण्यासारखे नाहीत. सन्मान पेन्शन घेतल्यानं त्याग उणावतो असं म्हणणाऱ्यांनी त्याग आणि उपासमार एकच मानली आहे. वीरानं संसारात पडूच नये, असं मानणाऱ्यांनी वीराची आई कोण होती ते आठवावं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ‘कुटुंबवत्सल’ हे विशेषण आपण फार स्वस्तात देतो. पगार घरी आणला, भांडला नाही, नातवंडांना खेळवलं, की पुरुष कुटुंबवत्सल ठरतो. घर चालवलं बायकांनी, श्रेय त्याच्या खात्यात. म्हणून इथे मला एक भेद करावासा वाटतो: माया वेगळी आणि भरवसा वेगळा. माया ही ज्याला वाटते त्याची. ती त्यानं स्वतः सांगितली तरी खरी असू शकते. भरवसा मात्र दुसऱ्यानं टाकायचा असतो, आणि तो सार्थ ठरला की नाही हे फक्त ज्यानं टाकला तोच सांगू शकतो.

हा भेद घरी राहण्या-न राहण्याचाही नाही. सैनिक वर्षातले बरेच महिने घराबाहेरच असतो. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हातारी माणसं आणि काही मुलं मागे राहतात. दूर गेलेल्या अशा बापाला बेजबाबदार म्हणणं क्रूरपणा होईल. उलट, घराबाहेर पाऊल न टाकलेला माणूसही घराच्या उपयोगी पडला नाही, असं घडतं. प्रश्न एवढाच असतो की अडचण आली तेव्हा घरानं त्याला हिशेबात धरलं होतं का, आणि तो त्या हिशेबाप्रमाणे वागला का.

हे मान्य केलं तर शोकसभेची रीत बदलावी लागते. घरातल्या आयुष्याची साक्ष पुढाऱ्याकडून घेता येत नाही. ती बायको, सून, मुलगी, धाकटा भाऊ यांच्याकडूनच घ्यायला हवी. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या जवानांच्या आणि चळवळीतल्या माणसांच्या आठवणी कुणी नोंदवत असेल, तर पलटणीचं नाव, लढाईचं वर्ष, तुरुंगवासाचा काळ एवढ्यावर थांबू नये. घरातल्या बाईलाही तितकाच वेळ द्यावा. कधी ती म्हणेल, ‘होय, आम्ही विसंबलो आणि त्यांनी निभावलं.’ कधी म्हणेल, ‘नाही, लढाईत ते मोठे होते, घर मात्र मी एकटीनं ओढलं.’ हे दुसरं उत्तरही छापलं पाहिजे. त्यानं त्या माणसाचं रणांगणावरचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. आणि ते छापायची आपली तयारी असेल, तरच पहिल्या उत्तराला काही किंमत राहील.