वळशाचे पैसे कुणी द्यायचे?

काका वनखात्यातून निवृत्त झालेले, सारी नोकरी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काढलेले. पुतणी जैसलमेरच्या सौरप्रकल्पांतून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची आखणी करते.

पुतणी : कोळसा सोडायचा तर ऊन हवं. ते थरच्या वाळवंटात मुबलक आहे, आणि तिथली वीज तारेवरूनच येणार ना, काका?

काका : तारेशी माझं भांडण नाही, तिच्या वाटेशी आहे. माळढोक पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरची तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही.

पुतणी : म्हणून तर तारांवर फिरत्या तबकड्या लावतो. सम आणि रामदेवराच्या प्रजनन केंद्रांत पिल्लंही वाढताहेत.

काका : आणि ती सोडणार कुठे? तारांखाली? थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरांत तारांमुळे वर्षाला सगळ्या जातींचे मिळून ८४,००० पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. त्यात माळढोक मोजकेच असतील. पण देशात उरलेतच दीडशेच्या आत, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते.

पुतणी : सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरांत नव्या तारा वरून न्यायला आडकाठी केली होती. २०२४ मध्ये तो सरसकट निर्बंध उठवून प्रश्न तज्ज्ञांकडे सोपवला. उच्चदाबाची लाइन जमिनीखालून नेणं खर्चिक, कित्येकदा अशक्यच. आणि एक विचारू? नान्नजला कुठे सोलर होतं? तिथला माळढोक का गेला?

काका जरा थांबले. प्रश्न वर्मी लागणाराच होता.

काका : आम्ही नकाशावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य काढलं. त्यात शेतं आली, गावं आली. जमिनीचा व्यवहार करायचा तरी अडचण. पक्ष्याचं नाव काढलं की लोक आम्हाला शिव्या घालायचे. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ वर आणलं, तोवर माणसं दुरावली होती. राखायचं सरकारनं ठरवलं, भुर्दंड मात्र शेतकऱ्याला पडला.

पुतणी : मग जैसलमेरला भुर्दंड कुणी भरायचा? टेंडरमध्ये कंपन्या पैशापैशावर भांडतात. वळसा घेतला की दर वाढतो.

काका : वाढू दे. वीज वापरतो तो भरेल.

पुतणी : तुमचं बिल वाढलं की बोलू.

हा टोला मला आवडला. तरी माझं माप काकांच्या बाजूला झुकतं. सौरऊर्जेला छतं आहेत, कालवे आहेत, देशभर दुसऱ्या जागा आहेत. माळढोकाला टिकाव धरेल एवढ्या संख्येनं राहायला जैसलमेरचा पट्टाच उरला आहे. तेव्हा लाइन तिथून नको. वळसा घ्या, आणि त्याचे पैसे शहरांतल्या वीजबिलावर वेगळ्या ओळीत छापा.